डावीकडे ओढणारी डबी

“डावीकडे ओढतेय ही. चांगलीच ओढतेय.”

केदार हे कोणाला उद्देशून म्हणाला नव्हता. कानात इअरफोन घातलेला माणूस स्वतःशी पुटपुटतो तेही खोलीभर ऐकू जातं, तसं ते ऐकू गेलं. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याच्या हातात खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती, झाकणावरचा हिरवा रंग कडेला उडालेला. ती माझी होती, पण खोलीत ते कोणालाच माहीत नव्हतं. मी कपांचा ट्रे परत ओट्यावर ठेवला. कारण ती डबी डावीकडे ओढत नव्हती. कधीच नव्हती. मी तिच्यातून गाणं ऐकायला लागल्यापासून गाणारी बाई नेहमी बरोबर मधोमध उभी असायची, दोन भुवयांच्या मधे, सरकलीच तर केसभर उजवीकडे… केदारला ती डावीकडे वाटत असेल, तर आम्हा दोघांपैकी एकाचे कान बरोबर नव्हते. ते कोणाचे, हे मला माहीत होतं. गेली तीन वर्षं मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

ही खोली प्रफुल्लदादाची. धायरीतल्या फ्लॅटची मागची खोली, एका भिंतीला लांब टेबल, त्यावर मल्टीमीटर, सोल्डरिंगची बंदूक, तारांचे वेटोळे. दादा जाऊन काही आठवडे झाले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरून माणसं आली होती, तेव्हा आम्हाला नीट बोलताही आलं नव्हतं. मग रश्मीवहिनींनीच फोन केला. “शनिवारी या तुम्ही सगळे, नेहमीसारखे. आणि त्यांनी तुम्हाला करून दिलेल्या डब्या आणा. एकदा सगळ्या एकत्र बघायच्यात मला.” आम्ही नेहमीसारखेच आलो. केदार, शिरीषकाका आणि मी. डब्या दादाच्या फोटोखाली टेबलावर मांडल्या. मी माझी सगळ्यात शेवटी, कोणाचं लक्ष नसताना ठेवली.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. फोन किंवा एमपीथ्री प्लेअर आणि इअरफोन यांच्या मधे जोडायचा, बॅटरीवर चालणारा, खिशात मावणारा ॲम्प म्हणजे ही डबी. ती आवाज वाढवते. पण ती आवाज सुधारते का? एवढ्या एका प्रश्नावर आम्ही कित्येक शनिवार घालवले. बाहेर असे ॲम्प महाग मिळत. दादा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरी करायचा आणि ओळखीच्यांना देऊन टाकायचा. गंमत ही, की स्वतः दादाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. “साध्या इअरफोनला फोनचाच जोर पुरतो बाप्पा,” तो म्हणायचा. “मोठे हेडफोन असतील, फोनला जड जात असतील, तर ठीक. नाहीतर तुम्ही फक्त मोठ्यानं ऐकून राहिले अन् त्याला चांगलं म्हणून राहिले.”

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये. तो टेस्टिंगच्या टीमचा लीड, मी नुकतीच लागलेली. वर्ध्याकडचा. पुण्यात पंधरा वर्षं काढूनही त्याचं ‘करून राहिलो’, ‘काहून’ गेलं नव्हतं, आणि ते लपवण्याचा त्यानं कधी प्रयत्नही केला नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मोजकं बोलणारी. मला आधी त्याचं निम्मं कळायचं नाही आणि मी मान डोलवायची. माझ्या गळ्यात इअरफोन पाहून तो म्हणाला, “काय ऐकून राहिली?” मी म्हणाले, “काही नाही.” तो म्हणाला, “काही नाही कोणी ऐकत नाही. दाखव.” मग त्यानं माझा एक इअरफोन आपल्या कानात घातला, गाणं संपेपर्यंत गप्प बसला आणि जाताना म्हणाला, “शनिवारी धायरीला ये. चार वेडे जमतात. तीनच आहेत, तू चौथी.”

खरं तर त्या दिवसांत मी माणसांत जायचं टाळत होते. डाव्या कानाचं तेव्हाच सुरू झालं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी डाव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघायची. मग उजव्या. उजवीकडे कोरडा, स्पष्ट आवाज. डावीकडे काहीतरी… असल्यासारखं. एखाद्या दिवशी वाटे, आज बरं आहे. मग दिवसभर मी पुनःपुन्हा बोटं घासत राहायची. रात्री चुकून उजव्या कुशीवर वळले आणि उजवा कान उशीत गेला, की खोली एकदम लांब जायची, पंख्यासकट. मी दचकून उठून बसायची. उताणं झोपायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

मला बहिरेपणाची भीती नव्हती असं म्हणता येणार नाही, पण त्याहून मोठी भीती आजोबांची होती. आईचे वडील आमच्याकडे, नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये, शेवटपर्यंत राहिले. त्यांचे कान गेले तेव्हा आधी सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. मग ओरडण्याचा कंटाळा आला. जेवताना काही विनोद झाला की आजोबा विचारायचे, “काय झालं?” आणि कोणीतरी म्हणायचं, “काही नाही, आजोबा.” पुढे त्यांनी विचारणं सोडलं. सगळे हसले की तेही हसायचे, अर्धा क्षण उशिरा. ते उशिराचं हसू मी लहानपणी रोज बघत होते. आणि एके दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, क्लायंटच्या कुठल्याशा वाक्यावर सगळे हसले तेव्हा मी तसंच हसले. अर्धा क्षण उशिरा. स्वच्छतागृहात जाऊन आरशात बघितलं तर ते हसू अजून तोंडावर होतं.

घरी कोणाला सांगितलं नाही. आई म्हणायची, “तुला हाक मारायची म्हणजे आधी अर्ज करायला हवा.” तिला वाटायचं, माझं लक्ष नसतं. मला ते सोयीचं होतं. स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि माझं काम दिवसातून दोन-तीन कॉलवर परदेशातल्या माणसांचं इंग्रजी ऐकण्याचं. एका शब्दानं हे सगळं हातातून जाईल असं वाटायचं. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे गेलेही. वेटिंग रूममधून आतली काचेची लहान खोली दिसत होती. तिच्यात एक बाई कानांवर मोठे हेडफोन लावून, हातात बटण धरून, काहीतरी ऐकू येण्याची वाट बघत बसली होती. बराच वेळ तिनं बटण दाबलं नाही… माझं नाव पुकारायच्या आत मी जिना उतरून रस्त्यावर आले होते.

तरी धायरीला गेले. इअरफोन हीच एक जागा होती जिथे मला कोणाच्या ओठांकडे बघावं लागत नव्हतं. आणि तिथे माय होती.

माय म्हणजे दादाची आई. तरुणपणी गावाकडे जिनिंगमध्ये कामाला होती; सरकी-रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या आवाजात तिचे कान गेले. ती अजूनही जुन्या पद्धतीचं मशीन वापरायची, पोलक्याला पिनेनं अडकवलेली चौकोनी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. शिरीषकाका म्हणायचे, “आमच्यात सर्वांत जुना पोर्टेबल ॲम्प मातोश्रींचा. आणि फरक पडतो असं छातीठोक सांगणाऱ्या त्या एकट्याच.” दादा शाळेत असल्यापासून ते मशीन उघडून दुरुस्त करत आला होता. पण मी बघत राहायचे ते वेगळंच. दादा तिच्याशी कधी ओरडून बोलायचा नाही. आधी तिच्या गुडघ्याला हात लावायचा, तिनं बघितलं की समोर बसून नेहमीच्या आवाजात, सावकाश सांगायचा. आम्ही कशावर हसलो ते सुद्धा. कधी विनोद इतका फालतू असायचा की दुसऱ्यांदा सांगताना त्यालाच लाज वाटे, तरी सांगायचा. माय म्हणायची, “याच्यात हासासारखं काय हाय?” आणि मग सगळे खरोखर हसायचे. त्या घरात ‘काही नाही’ हे उत्तर मी कधी ऐकलं नाही.

शनिवारच्या परीक्षेचा एक रिवाज होता. ऐकणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं. दादा आधी एकसुरी शिट्टीसारखा आवाज लावून मल्टीमीटरनं माप घ्यायचा आणि ॲम्पसकट व ॲम्पशिवाय आवाजाची पातळी सारखी करायचा. ते केल्याशिवाय कोणी मत द्यायचं नाही, कारण थोडासा मोठा आवाजही कानाला चांगला वाटतो. मग “एक”, “दोन” म्हणत तो आलटून पालटून तोच तुकडा ऐकवायचा आणि कोणत्या वेळी ॲम्प होता ते आपण सांगायचं. शिरीषकाका आणि केदार निम्म्या वेळा चुकायचे, म्हणजे अंदाजानंच सांगायचे. दादाही चुकायचा आणि खूश व्हायचा.

एका शनिवारी मी बसले. दादानं नवीन केलेली एक डबी होती. “एक” म्हटल्यावर गाणारी बाई नेहमीप्रमाणे जरा उजवीकडे उभी होती. तेव्हा माझं सगळं जगच उजवीकडे सरकलेलं असायचं. “दोन” म्हटलं आणि ती चालत आल्यासारखी मधे आली. मला रडू येईल असं वाटलं. मी म्हणाले, “दोन. दोनला ॲम्प आहे.” पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. तुकडे बदलले, तरी बरोबर. एकदाही चुकले नाही. केदारनं टेबलावर हात आपटला. “संपलं! फरक पडतो! कॉन्व्हेंटच्या पोरीचे कान भलते तिखट निघाले.” शिरीषकाका म्हणाले, “इतके दिवस आपण माठ होतो, एवढंच सिद्ध झालं.” त्या दिवसापासून माझं नाव ‘तिखट कान’ पडलं. सगळे कौतुकानं बघत होते. मला वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल, कसं ओळखलंस? आणि मला सांगावं लागेल, की ॲम्प नसताना बाई उजवीकडे असते. खरं तर ती कोणालाच उजवीकडे वाटायला नको.

कोणी विचारलं नाही. बाकीचे गेले. मी रिक्षा मिळेपर्यंत थांबले होते. दादा टेबलापाशी एकटाच होता. तो मल्टीमीटरच्या सुया नेहमी उजव्या बाजूच्या तारेला लावायचा, ती हाताशी यायची म्हणून. डावी तेवढीच असणार हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. त्या दिवशी त्यानं सुया डाव्या बाजूला लावल्या. आकड्याकडे बघितलं. पुन्हा उजवीला, पुन्हा डावीला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ, आणि मल्टीमीटर बंद केला. “रिक्षा आली वाटते,” तो म्हणाला. मला हॉर्न ऐकू आला नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यानं जाहीर केलं, की त्या डबीचं व्हॉल्यूमचं बटण सदोष होतं, निकाल रद्द. केदार म्हणाला, “म्हणजे तिखट कानही रद्द?” दादा म्हणाला, “नाही. तिनं जे ऐकलं ते बरोबर होतं. माझं माप चुकलं.” आणि काही दिवसांनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्यानं माझ्या हातात एक वेगळी, नवी डबी ठेवली, हीच हिरवी. “कोणाला दाखवू नको. केदार मागंल.” मी घरी जाऊन लावली. बाई मधे होती.

तेव्हापासून मी ‘ॲम्पने फरक पडतो’ या पक्षात गेले. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत हिरिरीनं वाद घातला. दादा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “बहुतेकांना नाही पडत गं. तुला पडत असेल.” का पडत असेल, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. मधूनमधून तो म्हणायचा, “आण ती डबी, साफ करून देतो.” बरोबर त्याच सुमारास बाई पुन्हा उजवीकडे सरकायला लागलेली असायची. मी डबी द्यायची, दोन दिवसांनी परत मिळायची, आणि बाई परत मधे. मला वाटायचं, आत धूळ जात असेल.

आता आठवतं तेव्हा एकेक गोष्ट जागेवर येऊन बसते आणि मला नव्यानं धास्ती वाटते. कँटीनमध्ये तो नेहमी माझ्या उजवीकडे बसायचा, खुर्ची ओढून आणावी लागली तरी. रस्त्यावर मात्र डावीकडून चालायचा. एकदा सिंहगड रोड ओलांडताना मला बसचा हॉर्न उजवीकडून आल्यासारखा वाटला आणि मी तिकडे बघत पाऊल टाकलं. बस डावीकडून आली होती. दादानं दंडाला धरून इतक्या जोरात मागे ओढलं की चप्पल रस्त्यातच राहिली. वारा अंगावरून गेला. तो रागावला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “मी दरवर्षी कान तपासून घेतो. मायमुळे. येतेस का सोबत?” मी म्हणाले, “मला काय झालंय?” तो म्हणाला, “बरं.” मग खाली वाकून त्यानं चप्पल उचलून दिली.

त्याची आणि माझी शेवटची भेट जिन्यात झाली. डबी परत देत होता. चेहरा थकलेला होता, पण सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या दिवसांत आम्हा सगळ्यांचेच तसे असत. म्हणाला, “आता यापुढे इतकंच. याच्यापुढे डबी नाही पुरत.” मी म्हणाले, “बॅटरी मोठी लावली तर?” “बॅटरीचं नाही म्हणून राहिलो मी,” तो म्हणाला. वरून कोणीतरी त्याला हाक मारली, निदान त्याच्या वर बघण्यावरून तसं वाटलं, आणि तो गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी ऑफिसला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता दादा कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला हे ऑफिसमध्ये कळलं, म्हणजे सगळ्यांना कळलं त्यानंतर. मॅनेजर माझ्या डाव्या हाताला, जरा मागे उभे राहून काहीतरी सांगत होते. मला फक्त आवाजाची एक कड ऐकू आली. समोरच्या मुलीनं एकदम तोंडावर हात घेतला. मला वाटलं, ती हसू दाबतेय. आणि मी हसले… अर्धा क्षण उशिरा. तिनं माझ्याकडे बघितलं ती नजर मी अजून विसरू शकत नाही. मग तिनं मला इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

त्या दिवसापासून मी डबी रोज लावायला लागले. आणि बाई सरकायला लागली होती. अगदी थोडी, केसभर, उजवीकडे. आधी वाटलं, मनाचे खेळ. पण नाही. आता तिला परत आणून उभं करणारं कोणी नाही, एवढंच मला त्या रात्रींमध्ये सुचायचं.

हे सगळं त्या शनिवारी, स्वयंपाकघराच्या दारात, केदारच्या एका वाक्यानं उलगडलं. डबी सुधारलेली नव्हती, धुळीची नव्हती. ती मुद्दाम वाकडी केलेली होती, डाव्या बाजूला जास्त आवाज देणारी. माझ्या कानाइतकी.

“कोणाची आहे ही?” केदारनं इअरफोन काढून विचारलं. त्यानं झाकण उघडून डबी दिव्याखाली धरली. “अरे, हे बघा काका. उजव्या बाजूचा, आवाजाची पातळी ठरवणारा रेझिस्टर पहिल्यापासून आहे तसा आहे, हातही लावलेला नाही. आणि डावीकडचा… एकदा नाही, तीन-चारदा काढून बसवलाय. डाग बघा केवढे आलेत. दादाचं काम आहे का हे?”

शिरीषकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “त्याचंच आहे. तारेची गाठ त्याची आहे.”

“मग हात चुकायला लागला होता त्याचा,” केदार म्हणाला. एरवी तो असं बोलताना टोमणा मारतो. त्या दिवशी आवाज उतरला होता. “एकच भाग पुनःपुन्हा चुकवणारा माणूस नव्हता तो.”

रश्मीवहिनी फोटोजवळ उभ्या होत्या. “म्हणजे केव्हापासून?” त्या म्हणाल्या. “मी रोज तेच शोधतेय. काही दिसायला हवं होतं का मला… हात थरथरत होता का त्यांचा? केदारभाऊजी, खरं सांगा. तेव्हापासूनच बरं नव्हतं का त्यांना? आणि मी डबा भरत होते, ऑफिसला पाठवत होते?”

“तसं नाही हो वहिनी,” केदार गडबडला. “जाऊ दे. मी नीट करतो हे. दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही बाजू सारख्या करून टाकतो, दादाच्या नावावर असली डबी नको.” त्यानं सोल्डरिंगच्या बंदुकीची पिन भिंतीत लावली. तांबडा दिवा लागला. थोड्या वेळानं टोकाला धूर धरला, तो ओळखीचा, उग्र वास खोलीत पसरला, आणि मला वाटलं दादा आत्ता आतून येईल आणि म्हणेल, काय करून राहिला बे?

कोणी आलं नाही. बंदूक तापत होती. मी बोलले नाही तर दोन मिनिटांत दादानं माझ्यासाठी केलेलं सगळं पुसलं जाणार होतं, आणि वहिनी आयुष्यभर त्या थरथरणाऱ्या हाताचा विचार करत राहणार होत्या, जो कधी थरथरलाच नव्हता. आणि बोलले तर… मला ती काचेची खोली दिसली. आईचा चेहरा दिसला. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसलेले आजोबा दिसले. केदारनं बंदुकीचं टोक ओल्या स्पंजला टेकवलं, चर्र झालं. मी काहीतरी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

“काय गं?” केदारनं मान न वळवता विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. सवयीनं. शब्द तोंडातून गेले आणि मी त्यांनाच घाबरले.

कोपऱ्यात खाटेवर माय बसली होती. तिला यातलं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दादा गेल्यापासून तिला कोणी मधलं बोलणं सांगत नव्हतं. वहिनींना भान नव्हतं, आणि आम्हाला सुचलं नव्हतं. तिनं पोलक्यावरच्या मशीनचं बटण फिरवलं, आणि ती मोठ्यानं म्हणाली, “काय म्हनून राहिली वं बाई? तुये ओठ हालले ना. सांग ना मले.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. केदारचा हात डबीवर थांबला. मी खोली ओलांडून मायसमोर खाली बसले. दादा करायचा तसा आधी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग मी ओरडले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सावकाश, म्हणाले,

“दादाचा हात चुकला नव्हता, माय. ती डबी त्यानं माझ्यासाठीच तशी केलीय. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.”